दोन पॉइंट आठ

हर्णैच्या बंदरावर, जानेवारीत, साडेपाचच्या सुमाराला
आम्ही वाळूत तीन ट्रायपॉड रोवले.
बिवलकरांची पांढरी नळी,
इम्तियाझ सारंगची काळी,
आणि माझी, तिसऱ्याच कंपनीची,
चार लग्नसराया घालून घेतलेली, तीही जुनी,
पट्ट्यावर अजून आधीच्या मालकाचं नाव.

तिघींचा आकडा एकच : तीनशे, दोन पॉइंट आठ.
म्हणजे लांबचं जवळ येतं,
आणि उजेड उतरायला लागला तरी
दार सताड उघडं.

लिलाव ऐन रंगात. बोली, बर्फ, पाण्यात बैलगाडीची चाकं.
आम्हाला त्यातलं काही नको होतं.
आम्हाला हवा होता एक कुरव,
होडीच्या नाळेवर बसलेला,
तिघांना एकाच वेळी, एकाच उजेडात.

बिवलकर म्हणाले, पिसाची कड बघा, कशी कापल्यासारखी.
इम्तियाझ म्हणाला, कड काय, सगळ्यांचीच कापते,
मागचं कसं विरतं ते बघा.
त्याचं खरं होतं.
पांढरीत मागचे दिवे लोण्याचे गोळे.
काळीत मधे गोल, कडेला गेले की
मांजराच्या डोळ्यासारखे चिंचोळे.
माझीत कडक किनारीचे,
कासाराकडच्या बांगड्या ओतल्यासारखे.

शिवाय माझी चुकायची.
दहातून तीनदा पक्षी सोडून
त्याच्या पाठीमागे जाऊन टेकायची,
मांडवात नवरी सोडून
आचाऱ्याकडे बघत बसणाऱ्या वऱ्हाड्यासारखी.
बिवलकरांनी वहीत लिहिलं : बॅक फोकस. बाद.
खाली रेघ मारली, पट्टी लावून.

शिमगा झाल्यावर निवास तांडेल स्टुडिओत आला.
बाप गेला होता.
दर्यात नाही, दापोलीच्या दवाखान्यात, साखरेनं.
फोटो हवा होता.
घरात होता तो आधार कार्डावरचा,
त्यात ते चोरासारखे दिसतात, म्हणाला.
‘तुम्ही त्या दिवशी आमच्याच होडीचे काढत होतात ना,
अंधार पडेपर्यंत?
बाबा तिथंच होते. जाळं शिवत.’

होते.
मी तिघांचे मिळून अकराशे फोटो उघडले.
पांढरीत गोमा तांडेल
साय धरल्यासारखा एक तपकिरी डाग.
काळीतही तोच डाग, जरा तांबूस, जरा अरुंद.
माझीत एक बारीकशी लाल बांगडी,
ती त्यांची विडी असावी.
एवढ्या महागाच्या काचांनी
माणसाला किती निगुतीनं पुसलं होतं.

निवास खुर्चीच्या कडेवर बसून होता.
चहा आला, गार झाला.
मग ‘बाद’ नावाचं फोल्डर,
आळसापोटी डिलीट करायचं राहून गेलेलं.
त्यातला दोनशे अठ्ठाविसावा :
कुरवाच्या जागी एक पांढरा फराटा
आणि फराट्याच्या पलीकडे, नेमके,
गोमा तांडेल.
दातांत सुतळी.
भुवईवर वाळलेलं मीठ.
उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं, केव्हातरी चेपलेलं.
जाळ्याच्या सुईचं भोकसुद्धा दिसत होतं.

‘हेच,’ निवास म्हणाला,
आणि थंड चहा एका घोटात प्यायला.

बारा बाय अठरा काढला. पोचवायला मीच गेलो.
चांगुणाबाईंनी तो दाराशी नेला, उजेडाकडे धरला,
नवऱ्याकडे नाही, आधी फराट्याकडे बघितलं.
‘ह्यो पांढरा काय हाय?’
कुरव, मी म्हणालो. पुसून देतो, दोन मिनिटांचं काम.
‘नको.
रोज शिव्या घालायचा त्यांना.
ऱ्हाऊं दे.’

काल बिवलकरांचा फोन होता :
तुझ्या नळीला गिऱ्हाईक आहे चिपळूणचं,
फक्त दोष आधी सांगून टाक.
सांगतो, म्हणालो.
अजून सांगितलेला नाही.
ती डब्यात आहे, सिलिका जेलच्या पुड्यांच्या मधोमध,
तरी पुढच्या काचेत, कोपऱ्यात,
बुरशीचं एक झाड उगवलंय,
फांद्यांसकट.